आत गेल्यावर बोलू नकोस

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक आई आणि तिची लेक बसल्या होत्या.

"आई, आत गेल्यावर तू बोलू नकोस. मी सांगते सगळं."

"दुखतंय मला, आणि सांगणार तू?"

"मागच्या वेळी काय झालं? तू तोंड उघडलंस आणि नर्सबाईंनी तुझी नक्कल केली. डॉक्टरही हसले, पुढचं ऐकूनच घेतलं नाही. गॅसची गोळी देऊन घरी पाठवलं."

"आपली बोलीच तशी, त्याला मी काय करू गं?"

"हात अजून दुखतोय?"

"खांद्यापर्यंत चढलंय. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय."

"हेच सांगायचंय त्यांना."

"आणि पुन्हा हसले तर?"

"म्हणून तर मी बोलणार आहे ना."

नर्सने दार उघडलं. "चला आजी. फक्त पेशंटने आत यायचं."

"अहो, मी लेक आहे त्यांची. येऊ द्या ना."

"गर्दी नको. तुम्ही बाहेरच थांबा."

दार अर्धवट उघडं राहिलं.

"बोला आजी, काय होतंय?"



"काही नाही, डॉक्टर. आता बरं आहे."

माझ्या मागचा बाक करकरत सरकला.

"खोटं बोलतेय ती! डॉक्टर, तिला घरी पाठवू नका!"