साडी गार्ड

नवऱ्याच्या गाडीला मी कधी नावं ठेवत नाही, कारण तिच्यामुळंच मला सासरी ड्रेस घालायला मिळाला. दोन सिलिंडरची, जुन्या वळणाची मोटरसायकल. तिच्या रूपाला शोभत नाही म्हणून यांनी मागच्या चाकाचं साडी गार्ड काढून टाकलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं ईटहून नळदुर्गला निघालो, तर सासरे दारात उभे.

"साडी चाकात गेली म्हंजी? आधी ती जाळी बसव."

"दादा, ड्रेस घालू द्या की तिला," हे वडलांना म्हणाले.

"सून गावातनं ड्रेसवर जायची न्हाय. जाळी बसव, न्हायतर जाणं रद्द कर."

यांनी माळा पाहिला, पत्र्याची खोली उपसली. जाळी कुठंच सापडेना. मी पिशवीतला डबा परत काढायला लागले.

ओसरीत गोधड्यांच्या घडीवर बसून शेंगा फोडणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "न्हाय सापडत तर काय करावं? पोरीचा पाय मोडून घेता का? जा गं, ड्रेस घाल."

सासरे दारातून बाजूला झाले. मी कपडे बदलून सासूबाईंच्या पाया पडायला वाकले, तर त्या कानात म्हणाल्या,

"निघा बाई लवकर. जाळी लई टोचायलीय."