नाक्यावरचे खांब

बिदरच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. मागच्या बाकावर एक म्हातारा आणि एक बाई बोलत होते.

"कोण हाय आत, अक्का?"

"माझा ल्योक, बळीराम. टरक चालवायचा. सकाळी अपघातात गेला."

"कुठं झालं?"

"ठाणाकुशनूरच्या नाक्यावर. ब्रेक लागला न्हाई. चौकीपुढं शिमिटाचे खांब हायेत म्हणं, त्येच्यावर गाडी गेली. खांब जरासुदीक हलले न्हाईत, अण्णा."

"त्ये खांब म्याच मागितले हुते."

"तुम्ही?"

"माझा ल्योक ग्यानबा त्या चौकीत पहाऱ्याला हुता. तवा पुढं नुसता बांबू आडवा असायचा. एक गाडी बांबू मोडून आत घुसली, ग्यानबा जाग्यावरच गेला. मग म्या सायबाच्या मागंच लागलो. आत लोखंड घालून खोल गाडले त्यांनी."

"आज चौकीत कुणी हुतं?"

"दोन पोरं हुती. काचा लागल्यात, बाकी धड हायेत. त्येंनाच बघायला आलोय."

"त्येंच्या आयांना सांगा, माझ्या बळीरामनं मुद्दाम न्हाई केलं."

"सांगतो."

आतल्या दारातून वॉर्डबॉयनं हाक दिली, "बळीरामचं कोण हाय? आत या वळखायला!"

"अण्णा, मला एकटीला बघवायचं न्हाई. संगं येताव का?"

"चला. हात धरा माझा."