माझ्या बारीचं पानी

माझं माहेर विंचूरकडचं, कांद्याचं रान, द्राक्षाची बाग मी लगीन होऊन पिंपळगावच्या शिवारात आले तवाच पाह्यली. शाळा म्हनाल तर दुसरी. काय सांगू तुम्हाला, मालक साप चावून गेले तवा पदरात दोन पोरी, वाट्याला दीड एकर आन विहिरीत निम्मा हिस्सा. विहीर सासऱ्यानं खांदलेली, मोटार एकच, चार दिवस थोरल्या दिरांची बारी, चार दिवस आमची. आन घरात नेम असा का ज्यानं आपली बारी सोडली त्याचं पानी कायमचं गेलं, दुसऱ्यानं धरलं का ते त्याचंच झालं. म्हनून मी एकबी बारी सोडली नाय. अंगात ताप असला तरी पाटावर जाऊन उभी राह्यची. दीर बांधावर बसून बघायचे, बाई आज येती का नाय.

तवा आमच्याकडं सगळी खायची द्राक्षं. ऐंशी सालाच्या पुढं एका कारखान्याचे साहेब आले, वाईनसाठी बारीक मन्याची द्राक्षं लावा म्हनले. कोनी तयार होईना, मी झाले, कारन माझं रान खारवट, खायचं द्राक्ष तिथं धरतच नव्हतं. लोक म्हनायचे बाई आता दारू पिकवती, प्यायला कोनाला बसवती ते बघू. हसले, हसू दे. साहेबानं रानवेलाचे खुंट दिले, त्याच्यावर वाईनच्या जातीची काडी बांधायची, म्हंजे मूळ रानटी आन वरची वेल शहानी. ते मूळ खोल जातं, खारं सोसतं. पन खुंट पुरले निम्म्याच ओळींना, बाकीच्यांना साध्या काड्या लावल्या, थेट मातीत.

पहिलं पीक आलं. मन्यांचा रंग फिरला, साहेब म्हनले मावशी, आता पानी तोडा, गोडी भरू द्या. मी हो म्हनले आन बारी आली तशी पानी भरलं. काय करू, बारी सोडली असती तर हिस्सा जात होता. मनी टरारून फुगले, मला वाटलं बरं झालं. तोडीच्या दिवशी साहेबानं गोडी मोजायची दुर्बिनीवानी नळी काढली, तिच्यावर रसाचा थेंब टाकला, उजेडाकडं धरली, डोळा लावला. मंग म्हनले, मावशी, हे नुसतं पानी हाय. निम्मे घड तर फुटलेच होते, माश्या बसल्या होत्या. पुढल्या साली असंच झालं तर आमची गाडी यायची नाय म्हनले.

दुसऱ्या साली रंग फिरला आन मला अन्न गोड लागंना. पानी भरलं तर द्राक्ष जातं, नाय भरलं तर विहीर जाती. बारीच्या दिवशी सकाळी गेले तर दीर मोटारीपाशी उभेच, संगं चार मानसं, साक्षीला आनल्यागत. दिरासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं, काय असलं तर जावेच्या हाती निरोप. त्या दिवशी पदर पुढं ओढला, मोटार मीच चालू केली, पाटावर गेले, माझ्या बागेचं बारं, म्हंजे पाटाचं तोंड, मातीनं बुजवलं आन त्यांच्या कांद्याचं फोडलं. मंग चौघांसमोर म्हनले,

— दादा, आज बारी माझी हाय. माझं पानी मी तुमच्या कांद्याला देते. तुम्ही घेतलं नाय, मी दिलंय.

त्यातला एक म्हातारा हसला, म्हनला घे रे, दिलंय तिनं. कांदा पोसायच्या येळेला दिरांना नको म्हनता येईना, त्यांनी पानी घेतलं.

पन पुढं दुसरीच पंचाईत. साध्या काड्यांच्या ओळी माना टाकायला लागल्या, पानं कडंनं करपली. पोरी म्हनायच्या आई, एकच दिवस बागेला दे ना पानी. मी रोज त्या ओळीतून फिरायची, पानाला हात लावायची, पाटाकडं बघायची नाय. त्या ओळी गेल्या, घड वेलीवरच सुकले. खुंटावरच्या तेवढ्या उभ्या राह्यल्या, मनी बारीकच, पन रस बोटाला चिकटायचा. साहेबानं नळी लावली, मंग मलाच दिली बघायला. मला काय कळतंय, वर निळं खाली पांढरं दिसलं. गाडी भरा म्हनले. निम्मीच भरली.

आता दीर नाय, जाऊबी गेली. सगळ्या बागा खुंटावर, पानी थेंबाथेंबानं नळीतून. पुतने दर साली रंग फिरला का माझ्या दारात येत्यात, काकू, यंदा तुमचं पानी आम्हाला देता का. मी नाय म्हननार नाय हे त्यांना ठाव हाय, तरी इचारत्यात. मी म्हनते घ्या बाबांनो, सुखी राहा, पन इचारल्याबिगर मोटारीला हात लावू नका.