तापीतलं पापलेट

...आता मले सांगा, तापीत एवढे मासे, पन साहेबाच्या गळाले एक लागंल तर शपथ! चार ऐतवार झाले! दीपनगरच्या पावरहाऊसचा साहेब, फटफटीवर येतो, काठी रोवतो अन् बसतो पान्याकडं पाहात... मले काय त्याचं? मी माळकरी मानूस, मासा शिवत नाही. पन तुम्हाले सांगतो, मासा लागो का न लागो, साहेब आला पाहिजे!

काहून? अहो, त्याच्यासंगं चार दोस्त, दोस्ताइच्या बायका, पोरं... आमचा शेजारी कौतिक त्याहीले गांडुळं इकतो. गांडुळं! वावरात फुकट निंगतात ती! अन् बेबाबाई... माझीच बायको, दुसऱ्याची नाही... भरीत-भाकर खाऊ घालते. त्या भरिताच्या पैशावर घरात इजेचा मीटर येनार व्हता. ओट्यावरून पावरहाऊस दिसतं, अन् घरात कंदील!

अन् साहेब म्हने, "लोटन आबा, पुढचा रविवार शेवटचा. इथं मासाच नाही."

बेबाबाईच्या हातातली परात खाली! म्हने, "काहो, जलमभर लोकाइच्या खोड्या काढल्या, आता एक कामाची काढा!"

ऐतवारी सकाळीच गेलो भुसावळले, तोंडाले उपरनं बांधून. मासेवाली म्हने, "खायाले का पाहुन्याले?" म्हनलं, "गळाले! दिसायले चांगला दे." तिनं बर्फातून काढला... गोल, चपटा, चांदीच्या ताटलीवानी. म्हनलं, हाच! साहेबाले शोभतो!

दुपारी साहेब निंबाखाली भरितावर बसला, अन् मी म्हैस धुवायच्या निमतानं पान्यात. गळ ओढला, डोळे मिटले, देवाची माफी मांगितली, मासा टोचला, देल्ला हिसका! कौतिक बोंबलला, "साहेब, लागला, लागला!"

साहेब पळत आला. ओढलं. बायका-पोरं टाळ्या पिटतात! साहेब माशाकडं पाहातो, माझ्याकडं पाहातो, परत माशाकडं... मंग माझ्या कानाशी आला. "आबा, मी रत्नागिरीचा. हे पापलेट. समुद्रातलं. इथं कसं आलं?"

मी म्हनलं, "साहेब... भुसावळपर्यंत रेल्वेनं आलं असन!"

साहेब पोट धरून हसत खाली बसला. म्हने, "आमच्याकडं मुंबईचे शौकीन होडीतून गळ टाकायला येतात. अख्खी वाडी त्यांच्यावर जेवते. एखाद्याला काही लागलं नाही, की माझे वडील होडीखाली शिरून हेच करायचे. पण मासा तरी त्याच पाण्यातला लावायचे हो!"

कोनाले बोलला नाही बिचारा. उलट पुढच्या ऐतवारी पावरहाऊसची बठ्ठीच्या बठ्ठी कॉलनी घेऊन आला. मीटर बसला. बेबाबाई बटन दाबते अन् आधी साहेबाच्या नावानं हात जोडते. मी पन जोडतो. देवमानूस!

पन त्या ऐतवारी जाताना साहेब म्हने, "आबा, आमच्या मोठ्या साहेबांनाही एक लावा. नदीचाच!"

झालं! आता गळ्यात माळ, अन् दर ऐतवारी मासेवालीपुढं उकिडवा बसून इचारतो, "बाई, हा कोन्या पान्यातला?" मासा लागो का न लागो म्हनत व्हतो ना... आता लागतोच. अन् बठ्ठ्या जिल्ह्यात माझ्या म्हशीइतकी धुतलेली म्हैस नाही!