तिसरा लाईटही परत

हॅलो?

हां ताई, बोल बोल. मिळालं का पार्सल?… मिळालं ना? मग बघितलास सायकलचा लाईट?… हो, तिसरा. हो हो, तोही परत. आता म्हणशील, ही बया काही समाधानी व्हायची नाही… म्हणाली नाहीस, पण मनात आलंच असेल!

अगं ऐक ना, भाऊजींना मी नावं ठेवत नाही. त्यांनी दुकानातले चांगले बघूनच पाठवले. पण पहिला रबरी पट्टीवरचा, खड्डा आला की मान टाकायचा. दुसरा म्हणे पावसात बुडाला तरी चालतो. चालला की! उजेड कुठे पडत होता ते मात्र त्यालाच ठाऊक. आणि हा तिसरा तर… हो, चार्ज केला होता. पूर्ण… हो गं, बटण तीनदा दाबलं होतं. मला काय कुक्कुलं बाळ समजतेस?

मला ना, आता काहीतरी दणकट दे. प्लास्टिक नको. धातूचं अंग असलेला, नटबोल्टने हँडलला आवळायचा. तो नाही का, पुढच्या चाकातच डायनामो असतो, चार्जिंगची कटकट नाही… हां, तोच. एकदा बसवला की दहा वर्षं बघायला नको. माझ्या भिंगरीला शाळेतून मागे बसवून आणायचं असतं रोज, खेळ नाही हा.

काय?… भाऊजींनी लावून बघितला? कुठे, गोदामात?… शटर ओढून?… मग?… पार टोकाच्या खोक्यांवरची अक्षरं वाचता आली? त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले? अगं, गोदामात चमकतील! गोदाम म्हणजे काय आमचा कालव्याकाठचा रस्ता आहे?

दुसरा?… दुसराही ठेवला होतास? तोही लावलात?… आणि पहिला?

तिन्ही?

मग काय, मी खोटं बोलते?… नाही, तसंच झालं ते. तिन्ही लाईट चांगले म्हणजे मीच खोटारडी… मनात काय आहे तुझ्या?… नाही, आहे काहीतरी. लहानपणापासून ओळखते मी तुला. काय असेल ते बोलून टाक.

डोळे? माझे? ताई, दुसरं काहीही म्हण, डोळ्यांवर जाऊ नकोस. मी रफू करते. काळ्या कोटावर काळ्या दोऱ्याने. कालच एका बाहीचं जळकं भोक असं बुजवलं की गिऱ्हाईक मलाच विचारत होतं, भोक होतं कुठे? सुईत दोरा एका फटक्यात. चष्मा नाही, काही नाही. थांब, इथल्या इस्त्रीकाकांनाच विचारते. काका, सांगा हो माझ्या बहिणीला, या दुकानात नजर कोणाची?… ऐकलंस? 'घारीची' म्हणाले.

धडपडते? कोण म्हणालं?… आईने सांगितलं होय. आईच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. बरं, कोपर लागलं होतं दाराला. मग?… मांडीचं काळंनिळं म्हणजे कटिंगच्या टेबलाचा कोपरा आहे इथे, तो लागतोच सगळ्यांना… बरं, सगळ्यांना नाही. मला लागतो. आणि पेला सांडला तो कोणीतरी अगदी बाजूला ठेवला होता, मला दिसलाच नाही. मी मुळात धांदरट! तूच म्हणायचीस ना? त्यात नवीन काय?

गुरुवारचं ना?… लिहिलं होतं की चिठ्ठीत, 'लाईटमुळे पडता पडता वाचले' म्हणून… एवढंच लिहिलं होतं, हो. बरं, सांगते, पण आईला कळता कामा नये. कबूल?

भिंगरीला ताप होता. शेजारच्या मावशींकडे झोपवून आले होते. म्हणजे दुकानातून घरी येताना मी एकटीच. साडेसहा झाले असतील, अगदी अंधार नव्हता. रस्ता समोर सरळ होता, ताई. मला दिसत होता. आणि मग चाकाखालची खडी एकदम वाजेनाशी झाली. मऊ लागायला लागलं. गवत. मी कच्चकन ब्रेक दाबला, पाय टेकले… उजवा टेकला. डावा टेकेना. खाली जमीनच नव्हती.

हो. कालवा.

नाही, नाही, नाही पडले! सायकल तशीच मागे ओढली. तिथेच खडीवर बसले दहा मिनिटं. म्हणून तर चिडून परत पाठवला ना तुझा लाईट!

काय?… लाईट चालू होता का?

होता… कारण पाण्यात दिसत होता. खाली. एवढा मोठा, पांढराशुभ्र.

ताई, मला नाही माहीत. असं एकामागून एक विचारू नकोस.

रोज कशी येते म्हणजे? येते तशीच… रोज भिंगरी असते ना मागे. अगं, आमचा खेळ आहे तो! डाव्या खांद्यावर टपली, डावीकडे घ्यायची. उजव्या खांद्यावर, उजवीकडे. दोन्ही खांदे बडवले की थांबायचं. ती कप्तान नि मी होडी. नऊ वर्षांची पोर, पण काय रुबाब, 'होडी, हळू!' म्हणते… कधीपासून? झालं असेल वर्ष-दीड वर्ष… हो, रोज… सुरुवात कोणी केली? तिनेच. एकदा मी एका हातगाडीवर आदळले, तेव्हा… जाऊ दे.

ताई? हसतेस का रडतेस? अगं, बोल ना.

बाबा? बाबांचं काय मध्येच?… बाबांच्या सायकलचा दिवा बंद पडला होता, म्हणून ते ओढ्यावरच्या मोरीवरून खाली गेले. हे सगळ्या जगाला माहीत आहे. दिव्याने घात केला त्यांचा. म्हणून तर मी या लाईटच्या हात धुऊन मागे लागलेय! बाबांसारखं व्हायला नको म्हणून… हो, तेही सारखे तक्रार करायचे. डायनामो बदलला, बल्ब बदलला. आईशी भांडायचे, कंदिलाची काच पुसत नाहीस म्हणून… हो… हो, कळतंय मला तू काय म्हणतेयस. कळतंय, पण…

तुझ्याकडे आहे तो दिवा? मला वाटलं, आईने फेकून दिला. इतकी वर्षं माळ्यावर ठेवलास?… आज काढलास? कशाला?… चाक फिरवून?

लागला?

वायर नवी घातली असेल भाऊजींनी… बल्ब तरी?… तोच? तोच बल्ब?

आई अजून म्हणते गं, 'त्या दिवशी मी बल्ब आणायला विसरले.' दर वेळी म्हणते, जेवता जेवता घास खाली ठेवते आणि म्हणते. ताई, तिला सांग. माझं नको सांगूस, पण हे सांग. तिचा दोष नव्हता. आजच सांग.

कोण आलं होतं?… पंक्चर काढायला? डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई? आणि तू त्यांना माझे लाईट दाखवलेस! धन्य आहे. लाईट बघून माझे डोळे तपासले वाटतं त्यांनी?… बरं बरं, चिडत नाही. काय करायला सांगितलंय?… आत्ता? इथे?… दोन्ही हात लागतील? मग थांब, स्पीकरवर टाकते. हं. ठेवला टेबलावर. येतोय आवाज?

समोर एकाच जागी बघायचं. बघतेय, पुतळ्याच्या कोटाच्या बटणाकडे. ट्यूबलाईट लावलीय, हो. दोन्ही हात बाजूला सरळ. केले. बोटं हलवायची. हलवतेय… आता?… नाही दिसत. अगं, कोणाला दिसतील? डोळे काय कानामागे असतात? काका, हसताय काय, तुम्ही करा बघू. समोर बघायचं हं, लबाडी नाही… दिसतात? मान वळवलीत तुम्ही… नाही? परत करा.

ताई, काकांना दिसतात. सत्तरीचे आहेत ते.

आणतेय हात पुढे. हळूच आणतेय… नाही… अजून नाही… नाही… थांब, घाई करू नकोस… नाही… ताई, माझे हात समोर आलेत. टाळी वाजवायला येतात ना, तेवढे… आता. आता दिसली बोटं.

काका, इस्त्री उचला, शर्ट जळतोय.

हो, आहे मी. आहे. काही नाही, काकांनी पाणी दिलं. स्पीकर बंद केलाय… मी ठीक आहे म्हटलं ना… नाही, ठीक नाही. भीती वाटतेय मला. खूप वाटतेय. ताई, माझे हात आहेत गं हे, माझ्याच बाजूला होते.

बरं होतं का यातलं?… त्या काय म्हणाल्या ते सांग, तुझ्या मनचं सांगू नकोस… 'ताबडतोब दाखवा.' बस? एवढंच?… उद्या दहाला. येते. काम काय, जळलेला शर्ट तेवढा वाढलाय.

आत्ता साडेपाच वाजतायत. भिंगरी सहाला सुटते… नाही, सायकल नाही. सायकल इथेच राहू दे. चालत जाते आणि तिला बाजारातून आणते, दिव्यांखालून. लांब पडेल. पडू दे.

तिलाही आणू? दवाखान्यात? कशाला, शाळा बुडेल… अगं, तिचे डोळे चांगले आहेत! तिच्या डोळ्यांवर तर मी… घरातल्या सगळ्यांचे तपासायचे असं म्हणाल्या? आधी बाबा, मग मी, मग… नाही ताई. तिथे थांब. पुढे बोलू नकोस.

दिसतं ना तिला. लांबून दिसतं. 'आई, कुत्रं. आई, आजोबा येतायत.' मला काही कळायच्या आत सांगायची… हो, सांगायची. हल्ली… हल्ली जरा उशीर होतो तिला. एकदम जवळ आल्यावर दोन्ही खांदे बडवते. मला वाटलं, दमते पोर, मागे बसून पेंगते.

काय विचारलंस? परत बोल.

पहिला लाईट वाईट आहे, हे कोणी ठरवलं?… मी. मीच लिहिलं ना तुला… लिहिलं मी. पण… थांब, आठवू दे. त्याने मान टाकू नये म्हणून पट्टीला मी सुतळी बांधली होती. मला चालला असता तो लाईट. मला समोरचा रस्ता तेवढा दिसत होता आणि मी खूश होते. एकदा कालव्यावर आलो, आणि मागून…

मागून तीच म्हणाली, ताई. 'आई, हा लाईट बदल ना. मला काहीच दिसत नाही.'

…

नको, आत्ता काही बोलू नकोस. ठेवते. बाहेर उजेड आहे तोवर शाळेच्या दारात पोचायला हवं, ती एकटी निघायच्या आत. पळतच जाते… नाही, नाही पळत. हळू जाते. ठेवते.