आबांनी शेवाळाला खत घातलं

हसू नका, पण आमच्या आबांनी शेवाळाला खत घातलं होतं. लॅबमधली लाल शेवाळाची बाटली मी मांडवगणला घरी नेली होती. वडलांना दाखवून म्हणालो, "आबा, हे पाण्यातलं सल्फेट घेतं, साखरेला जोडतं आन् त्याचं चिकट पांघरूण करून अंगावर घेतं."

"म्हंजी आपण उसाला खत म्हणून टाकतो ते सल्फेटच की!"

मी घाईत होतो. "व्हय, तेच," म्हणालो आणि बाटली तिथंच विसरून पुण्याला गेलो.

परत आलो ते आबा गेल्यावरच. खिडकीत बाटली होती, शेवाळ मरून पांढरं पडलेलं. शेजारी वाटीत खत.

आई म्हणाली, "रोज चिमूटभर टाकायचे आन् त्यालाच विचारायचे, 'जेवलास का रं बाळा?' तू कुठं फोन उचलत होतास?"