न उसवलेला रुमाल

क्रोशाचं नाव काढलंत म्हणून सांगते. पन्नासेक वर्षांपूर्वी आमच्या मानवत गावात पोरगी बघायला पाहुणे आले, की टेबलावर तिनं विणलेला रुमाल पाहिजेच. मी गोल रुमाल विणायला घेतला, तर कडा वर आल्या अन् त्याची वाटीच झाली. आईनं तो पेटीत दडवला आणि शेजारच्या काकूंचा रुमाल मागून आणून मांडला.

पाहुण्यांत मुलाची आत्या होती. तिनं रुमाल उचलून उलटा केला. "तू विणला का गं?"

मी बोलायच्या आत आई म्हणाली, "व्हय, तिनंच."

"अन् हा हळदीचा डाग? मागच्या गल्लीत आमी पोरगी बघितली, तिनं बी हाच डाग विणला व्हता!"

आईचं तोंड उतरलं. मी उठले, पेटीतून माझा रुमाल काढला अन् आत्याच्या हातात दिला. "हा माझा."

"हा रुमाल हाय का टोपी?" आत्या हसायला लागली. "गोल विणताना दर फेरीला टाके वाढवायचे असतात, पोरी. उसव सगळा."

"पुढचा वाढवून विणते. पण हा उसवणार न्हाई."

"लय तोंडाळ हाय पोरगी," म्हणत आत्या उठली. सोयरीक तिथंच मोडली.

मोडू द्या. घ्या, अजून एकेक कप घ्या. किटलीवरची ती टोपी उचला तेवढी. एवढ्या गप्पा झाल्या, तरी चहा गरम हाय का न्हाई? सपाट रुमालाला जमलं असतं का हे?